भावोजींच्या लिंबाला दिलेला डोस

तीर्थस्वरूप ताई,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. लेकीकडचे जिने तुझ्या गुडघ्यांना एव्हाना मानवले असतील आणि नात तुला ओळखायलाही लागली असेल. इकडे मी खुशाल आहे. (खुशाल असल्याची लाज वाटावी अशी परिस्थिती आहे, पण ते पुढे.)

भावोजींनी गच्चीवर पिंपात लावलेलं लिंबाचं झाड तू माझ्या हवाली करून गेलीस. भावोजींच्या मागे राहिलेलं हिरवं असं तेवढंच. ते जरा मलूल दिसलं म्हणून मी रोपवाटिकेत गेलो. तिथला माळी म्हणाला, रासायनिक काही घालू नका, उसाची मळी द्या. तिच्यातल्या साखरेवर मातीतले जिवाणू पोसतात आणि ते झाडाला पोसतात. बादलीभर पाण्यात एक चमचा, पंधरा दिवसांतून एकदा. पस्तीस वर्षं कंपाउंडरकी केलेल्या माणसाला हा डोस शिकवणार! पेशंट अशक्त, म्हणजे डोस वाढवायचा. आणि पाणचट औषध दिलं की लोक दुसरा दवाखाना धरतात, हे मला ठाऊक. म्हणून मी मळी निर्भेळ दिली. दोन चमचे, दिवसातून तीनदा, जेवणानंतर (माझ्या).

चौथ्या दिवशी मुंग्या आल्या. सहकुटुंब आल्या. मग पिंपातली मळी आंबली आणि वास जिन्यात उतरला. खालच्या शिक्षिकाबाई हुंगत वर आल्या, मला आपादमस्तक न्याहाळलं आणि "या वयात?" एवढंच म्हणाल्या. खुलासा करायला पिंप दाखवलं, तर त्यांची चप्पल चिकटली. ती अजून वरच आहे.

मग पानं पिवळी पडून सगळी गळाली. काल खोड नखाने खरवडून पाहिलं, आत हिरवं उरलेलं नाही. तू रोज फोनवर झाडाचं विचारतेस आणि मी "मजेत आहे" म्हणतो. ताई, मला फार वाईट वाटतंय. जमलं तर माफ कर.

तुझा,
धाकटा

ता. क. मुंग्या आता तुझ्या स्वयंपाकघरात आहेत. साखरेचा डबा मी माझ्याकडे नेलाय.

ता. क. (हे लिहायचं नव्हतं.) मळीला उगाच आरोपी केलं. झाड तिच्या आधीच सुकत आलं होतं. तू गेल्यापासून तीन आठवडे मी त्याला पाणीच घातलं नव्हतं. गच्चीचं दार उघडलं की समोर भावोजींची खुर्ची दिसायची आणि मी भरलेली बादली घेऊन खाली यायचो. मळी घालायला गेलो तोसुद्धा खुर्चीकडे पाठ करून. तू आलीस की आपण नवीन रोप आणू. फक्त लावायला माझ्याबरोबर वर ये. मला एकट्याला जमत नाही.