टक्क्यामागच्या ओळी

तीर्थरूप दादा,

धाकटीचा साष्टांग नमस्कार. (तुझ्यावर भयंकर चिडले आहे, पण नमस्कार तो नमस्कार.) वहिनीचा गुडघा कसा आहे? छोटीचे पुढचे दात आले का? मी मजेत आहे असं लिहिणार होते, पण परवापासून माझे हातपाय गार पडलेत, आणि त्याला कारण तू आहेस.

मागच्या महिन्यात आलास तेव्हा तुला माझी दया आली. प्रबंधात एक स्वल्पविराम बदलला तरी मी कॉम्प्युटरच्या त्या काळ्या खिडकीत जाऊन तीच आज्ञा चार-चारदा टाइप करते, हे तुला बघवेना. मग तू माझ्या एडिटरमध्ये काहीतरी मंतरून ठेवलंस. मी फाइल सेव्ह करायचा अवकाश, की लांबच लांब ओळी आपोआप सारख्या मापाच्या होणार, प्रकरणं, तळटीपा, संदर्भसूची जोडून पीडीएफ तयार होणार, आणि ती थेट माझ्या मार्गदर्शक सरांच्या फोल्डरमध्ये जाऊन पडणार. मी तुला तोंडभर आशीर्वाद दिले (वयाने लहान असून).

आता ऐक. ओळीच्या सुरुवातीला टक्क्याचं चिन्ह टाकलं की ती ओळ छापली जात नाही, हे तूच शिकवलंस. सहा वर्षं मी त्या टक्क्यामागे मन मोकळं करत आले. (नवऱ्याला सांगायची सोय नाही, तो सरांची बाजू घेतो.) पण तुझ्या करामतीने माझ्या ओळी मधोमध तोडल्या. टक्का राहिला पहिल्या तुकड्याला, दुसरा तुकडा उघडा पडला आणि छापला गेला! लोखंडी पुलांच्या गंजावरचं माझं चौथं प्रकरण आता असं वाचायला मिळतं: ‘नमुने आम्लात चोवीस तास बुडवून ठेवले. मान हलवायची आणि घरी जाऊन बरोबर करून घ्यायचं.’ (टक्क्यामागे राहिलं ते: ‘सर चुकीचं सांगतात तेव्हा’.) पुढे एका आलेखाखाली: ‘वाचत नाहीत, नुसती पानं मोजतात.’

दादा, सरांनी वाचलं! परवा बोलावणं आलं. सोमवारी प्रबंध जमा करायची शेवटची तारीख, सही मिळाली नाही तर सहा वर्षं पाण्यात. टेबलावर सगळी पानं छापून ठेवलेली, ‘पानं मोजतात’भोवती लाल वर्तुळ आणि समासात ‘संदर्भ?’ असा शेरा. सर पानं उलटत उलटत आभाराच्या पानावर आले, थांबले, चष्मा काढून पुसला, आणि सही केली. वर स्वतः उठून मला पाणी आणून दिलं. सहा वर्षांत या माणसाने मला ‘बस’ म्हटलेलं नाही! मी अजून सावरलेले नाही.

तेव्हा पत्र मिळताच ये आणि तुझं ते मंतरलेलं सगळं मुळापासून उपटून टाक.

तुझी हादरलेली,
धाकटी

ता. क. उपटू नकोस. सरांना ते त्यांच्या कॉम्प्युटरवर हवंय. (बसवताना त्यांच्या टक्क्यामागे माझ्याबद्दल काय आहे, तेवढं बघून ठेव.)

पुन्हा ता. क. सही का झाली ते आत्ता सापडलं. आभारांत सरांच्या उल्लेखाच्या खालीच तुझ्यासाठी एक ओळ मी टक्क्यामागे लिहून ठेवली होती. ‘दादाचं नाव छापलं तर डोक्यावर चढून बसेल, पण’ एवढं लपून राहिलं. छापलं गेलं ते असं: ‘हा माणूस पाठीशी नसता तर मी पहिल्याच वर्षी सगळं सोडून दिलं असतं.’ सरांनी ते स्वतःबद्दल घेतलं. तोंडी परीक्षेला तू यायलाच हवंस, ओळ तुझीच आहे आणि खरी आहे. पण सर ते पान काढून दाखवतील तेव्हा पहिल्यांदाच वाचतोयस असं वाच, आणि त्यांचं अभिनंदन कर.