पहिल्या रांगेतली खुर्ची

९ मार्च

धाकट्यास,
ताईचे आशीर्वाद. तुझं पत्र आणि सोबतचं प्रवेशपत्र, दोन्ही मिळालं. रेडिओवर तुझा आवाज बसलेला वाटला. समोर माईक असतो, तरी तू शाळेच्या स्नेहसंमेलनात ओरडायचास तसाच ओरडतोस. गरम पाणी पीत जा. बायकोचा गुडघा कसा आहे? तिला म्हणावं, डॉक्टर बदल, पण व्यायाम टाळू नकोस.

आता कामाचं. गुरुवारी सकाळी गाडी पाठवतोस, प्रेक्षकांच्या सज्जात पहिल्या रांगेत माझी खुर्ची ठेवली आहे, आणि भाषणात तू हात केलास की मी फक्त उभं राहायचं, असं तू लिहितोस. मला जमणार नाही. थंडी अजून गेलेली नाही, तुमच्या सभागृहात पंखे उगीच फिरत असतात, आणि माझे बूट दुरुस्तीला दिले आहेत.

तुमच्या विधेयकाचा मसुदा मी वाचला. सगळा वाचला, तुमच्यातल्या निम्म्यांनी वाचला नसेल. निवृत्तिवेतनातली वाढ गोठवायची, याला माझी फार हरकत नाही. मी पूर्वीपासून कमीत भागवते. पण पुढे अपंगांच्या मदतनीस भत्त्याचं कलम आहे. ‘जे स्वतःची कामे स्वतः करू शकतात’ त्यांचा भत्ता बंद. कामं म्हणजे कोणती, हे कुठेच लिहिलेलं नाही. स्वतः उठून चहा करता येणं हे काम. तो चहा घेऊन खुर्चीपर्यंत येणं हे दुसरं काम आहे, हे मसुदा लिहिणाऱ्याला ठाऊक नसावं. त्याला कोणीतरी चहा आणून देत असणार.

तुझं परवाचं भाषण मी ऐकलं. ‘माझ्या सख्ख्या बहिणीचा पाय लहानपणी पोलिओने गेला. लोखंडी पट्ट्या लावून ती कॉलेजला चालत गेली, टेलिफोन खात्यात जन्मभर नोकरी केली, सरकारकडे कधी हात पसरला नाही. आजही एकटी राहते, कोणावर अवलंबून नाही.’ टाळ्या बऱ्याच वेळ चालल्या होत्या.

त्या वेळी एक बाई माझ्यासमोर जमिनीवर बसून माझ्या पायाला त्याच पट्ट्या लावत होती. तिने मान वर केली.

“मॅडम, हे तुमचे भाऊ ना?”

मी म्हटलं, हो.

“मग यांच्या हिशेबात मी कोण? भूत?”

मला हसू आलं. तीही हसली. मग तिने उरलेला पट्टा ओढून बसवला आणि खालमानेनेच म्हणाली, “भत्ता बंद झाला तर मला दुसरं घर बघावं लागेल. आधी सांगाल ना? ऐनवेळी नका सांगू.”

हिच्याबद्दल मी तुला कधी लिहिलं नव्हतं.

मागच्या पावसाळ्यानंतर पाय मुरगळल्याचं मी तुला कळवलं होतं, आठवत असेल. मुरगळला नव्हता. मी न्हाणीघरात पडले, आणि मला उठता आलं नाही. नळ चालू राहिला होता. पाणी झिरपून खालच्या मजल्यावरच्या शिंप्याच्या कापडावर गळायला लागलं, तेव्हा तो भांडायला वर आला. दाराबाहेरून त्याने मला यथेच्छ सुनावलं. निष्काळजी, बेपर्वा, शिकलेली असून अक्कल नाही, सगळं झालं. मी आतून म्हटलं, “तुमचं बरोबर आहे, पण दार तोडावं लागेल.” भला माणूस आहे. दार तोडलं आणि मग कापडाचं नावही काढलं नाही.

चांगल्या पायाचं खुब्याचं हाड गेलं होतं. आता दोन्ही पाय सारखेच. इस्पितळातून उचलून वर आणल्यापासून मी जिना उतरलेली नाही. बूट दुरुस्तीला दिलेले नाहीत, पलंगाखाली आहेत आणि त्यांच्या तळांना तेव्हापासून माती लागलेली नाही.

अर्ज मीच केला. भत्त्याचा. डॉक्टरांनी सुचवल्यावर मी त्यांच्याशी जवळजवळ भांडले, आणि पुढच्या आठवड्यात सही करून दिला. निवृत्तिवेतनात घरभाडं आणि औषधं भागतात, मदतनीस भागत नाही. ती सकाळी येते, मला उठवते, आंघोळ घालते, स्वयंपाक करून ठेवते आणि दुसऱ्या घरी जाते. मग मी दुसऱ्या दिवसापर्यंत माझी मी. खालून शिंप्याचं मशीन ऐकू येतं. त्याच्या सुट्टीच्या दिवशी मात्र घर फार मोठं वाटतं, दोनच खोल्या असून.

आयुष्यभर कानाला फोन लावून बसले, लोकांची बोलणी जोडून दिली. आता फोन वाजतो तो तुझ्या सेक्रेटरीचा. ‘साहेब विचारत होते, तब्येत कशी आहे.’ मी म्हणते, छान आहे. तो म्हणतो, छान, आणि ठेवून देतो. त्याचा दोष नाही. छान म्हटल्यावर आणखी काय विचारायचं?

आणखी एक, कारण तू ते भाषण छापूनही आणणार आहेस असं कळतं. मी कॉलेजला चालत गेले नाही. तू मला सायकलवर मागे बसवून न्यायचास. तुझी शाळा विरुद्ध दिशेला होती. मला फाटकात उतरवून तू जिवाच्या आकांताने परत पेडल मारायचास आणि तरी उशीर व्हायचा, मास्तर बाकावर उभं करायचे. घरी तू कधी सांगितलं नाहीस. मला तुझ्या वर्गातल्या मुलाकडून कळलं, आणि मीही गप्प राहिले, कारण मला कॉलेजला जायचं होतं. गोष्टीतून स्वतःला का गाळलंस, मला कळत नाही. तूच तर होतास माझा पहिला मदतनीस.

तू म्हणशील, ताई, भत्ता गेला तर मी देतो. देशील, मला शंका नाही. पण मग दर महिन्याला मला तुझे आभार मानावे लागतील, आणि तुझा सेक्रेटरी ते ऐकून फोन ठेवून देईल. भत्त्याचे आभार मानावे लागत नाहीत. तो माझा आहे. आणि जिचा भाऊ सभागृहात बसत नाही, तिने कोणाला पत्र लिहायचं?

तेव्हा प्रवेशपत्र परत पाठवते आहे. मत कुठे द्यायचं ते तू ठरव. तुझं मत मी कधी ठरवलं नाही, आताही ठरवणार नाही. पण गुरुवारी माझी गोष्ट सांगायची असेल तर सगळी सांग. पडले ते सांग, भत्ता घेते ते सांग. लाज वाटत असेल तर माझं नाव काढू नकोस. आम्ही दोघी रेडिओ लावून बसणार आहोत. तू काय बोलतोस त्यावरून ती दुसरं घर बघायचं की नाही ते ठरवेल, इतकं साधं आहे.

हे पत्र दोनदा लिहून फाडलं. पहिल्यात फक्त थंडीचं आणि बुटांचं होतं.

गाडी सांगून ठेवली असशील तर रद्द करू नकोस. तूच बस तिच्यात आणि ये. तीन मजले आहेत, लिफ्ट नाही, कठडा धरून चढ. बेल वाजवल्यावर दारापर्यंत यायला मला वेळ लागतो. कोणी नाही असं समजून परत जाऊ नकोस.

तुझी,
भत्त्यावर आणि दुसऱ्याच्या हातांवर उभी असलेली,
ताई