लारासची दुभाषी

लाडक्या लारास,

हे पत्र मी टाकणार नाही. तू लगेच तुझ्या त्या दुभाषी एंडाला दाखवशील. मालांगला कॉलेजात परत सुखरूप पोचलीस, हेही तिनेच कळवलं. आता तुझी खुशालीसुद्धा तीच कळवणार!

बहिऱ्या मुलीला कॉलेजात दुभाषी मिळावी म्हणून त्या शिष्यवृत्तीसाठी ऑफिसांचे उंबरठे मीच झिजवले. मंजूर झाली तेव्हा आई म्हणाली, "रेत्नो, सुटलीस बाई एकदाची!" मी कुठे सुटायला बघत होते? शाळेत, बाजारात, दवाखान्यात तुझं बोलणं मीच तर सांगत आले. आपल्या खुणासुद्धा आपणच रचलेल्या; वेणी ओढायची खूण म्हणजे मी.

आणि या सुट्टीत तू तिला घरी घेऊन आलीस. जेवताना तुझी बोटं अशी काही भराभर चालली, की एंडा खो खो हसत सुटली. आईने सवयीने माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणतेय गं ही?"

मला कळलं नव्हतं. त्या कॉलेजातल्या नव्या खुणा होत्या. मी पाणी आणायच्या निमित्ताने उठले.

मागून एंडा म्हणाली, "म्हणतेय, ताईच्या हातच्या झणझणीत सांबल-चटणीने जीभ अशी बिघडवलीय, की मेसचं जेवण कागदासारखं लागतं."

सगळे हसले. तू माझ्या हसण्याची वाट बघत होतीस, म्हणून मीही हसले.

माझंच कौतुक, आणि ते मला सांगायला पगारी बाई! तिला त्या जेवणाचेही पैसे मिळाले का गं?

वेणी ओढायची खूण केलीस की धावत येणारी,
रेत्नो