विकासनं आणलेला भाताचा कुकर

प्रिय सुभेदार,

सगळी गल्ली तुम्हाला याच नावानं ओळखायची, म्हणून चारचौघांत मीही तेच म्हणायचे. घरात नुसतं "आवं" पुरायचं. पण पत्राच्या डोक्यावर "आवं" कसं लिहू?

तुम्ही पलटणीत होता तेव्हा तुमचं पत्र पोस्टमन ओसरीवर बसून मोठ्यानं वाचायचा. आपल्या माणसाचे शब्द दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची मला लाज वाटायची, म्हणून मी वाण्याच्या पुड्यांच्या कागदावरून वाचायला शिकले, मग लिहायलाही. तुम्ही कायमचे घरी आलात आणि लिहायचं कारण संपलं. आज पुन्हा कारण झालं आहे. आपला विकास दोन दिवस राहून सकाळीच पुण्याला परत गेला, मला इथं मलकापुरातच ठेवून. हे कसं घडलं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय घास गोड लागणार नाही.

उन्हाळ्यात माझ्या हातून एक झालं. गॅसवर भात ठेवला आणि वाचनालयातून आणलेलं पुस्तक घेऊन बसले. वाचता वाचता कुठे गेले कोण जाणे! शेजारच्या कमलताईंनी दार बडवलं तेव्हा घरभर धूर होता आणि पातेल्यात कोळसा. कमलताईंनी त्याच संध्याकाळी विकासला फोन केला. त्यांचं तरी काय चुकलं?

विकास म्हणाला, आता घराला कुलूप लाव आणि चल माझ्याकडे. सूनबाईही मनापासून बोलावत होती. पण तिथं मी काय करू? सातव्या मजल्यावरून खाली बघत बसू? मी नाही म्हणाले. तो पुढच्या खेपेला हा कुकर घेऊन आला. भाताचा, विजेचा, बटणांवर दिवे लागणारा. किंमत ऐकून मी खालीच बसले. म्हटलं, साधा मिळतो की बाजारात, गावाकडं आपण भाकरी खाणारी माणसं, एवढा कशाला? तो म्हणाला, साधा नुसता बंद होतो. हा भात शिजला की आपोआप थांबतो आणि संध्याकाळपर्यंत ऊन ठेवतो.

"तू पुस्तकात बुडालीस तरी भात तुझी वाट बघेल, आई."

पण त्याची अट होती. महिनाभर गॅस न पेटवता, नीट शिजवून, नीट जेवून दाखवायचं. नाहीतर पुणं.

आता हसू नका. दुसऱ्या दिवशी मी काय केलं माहीत आहे? नवी चूल घरात आली की पहिल्यांदा दूध उतू घालायचं, हे मला माहेरी, आटपाडीला, आईनं शिकवलेलं. कमलताई म्हणाल्या, हळदकुंकू लावायला एखादी सवाष्ण बोलवू या. मी म्हटलं, मशिनाला काय ठाऊक मी कोण हाय ते. माझ्याच हातानं कुंकू लावलं, दूध ओतलं, बटण दाबलं आणि हात जोडून उभी राहिले.

उतू गेलं, आणि कसं! झाकणाच्या भोकातून, कडेनं, बटणांवरून. दिवे दोनदा लुकलुकले आणि विझले.

मी ओट्यापाशी बसून राहिले. कुकरचं दुःख नव्हतं हो. वाटलं, आपल्या हातानं आपण पुण्याचं तिकीट काढलं. कमलताई म्हणाल्या, विकासला सांगूच नगंस, गुपचूप दुरुस्त करून आणू. पण त्यानं माझ्यावर विश्वास टाकला होता. मी त्यालाच फोन लावला आणि सगळं सांगितलं.

तो म्हणाला, "आगं, चुकलं माझंच. नवी चूल म्हटल्यावर तू दूध घालणारच. मीच आधी सांगायला पायजे हुतं."

पुण्यात इतकी वर्षं राहूनही पोराच्या ध्यानात ते आहे! मला रडू आलं ते तेव्हा.

स्टँडजवळच्या दुरुस्तीवाल्यानं कुकर उघडून पुसून दिला. म्हणाला, मावशी, ह्यो मोबाईलच समजा, परत आंघूळ घालू नका.

मग भात लावला. इंद्रायणी तांदूळ धुतला, आतल्या भांड्यावर रेघा आहेत तिथपर्यंत पाणी घातलं, आणि खुर्ची घेऊन समोरच बसले. मला तुम्ही आठवलात. रविवारी भात तुम्हीच करायचा. पातेल्याजवळ कान नेऊन बसायचा. बुडबुड थांबून चुरचुर सुरू झाली की आच बारीक करायचा. मी झाकणाला हात लावला की ओरडायचा, "उघडू नगं, तांदूळ लाजतो." किती पाणी घालता, ते मात्र कधी धड सांगितलं नाही. विचारलं की नुसतं हसायचा. सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?

मीही कुकरला कान लावला. आत काही ऐकू येईना. थोड्या वेळानं बारीकशी शिट्टीसारखी धून वाजली आणि तो आपला आपण थांबला. झाकण काढलं तर वाफेचा लोट, आणि खाली भाताला बारीक बारीक भोकं पडलेली, एकसारखी. शीत न् शीत अख्खं, तरी मऊ. मी कितीतरी वेळ बघतच राहिले. पाणी संपलेलं याला कळलं कसं? याला ना कान, ना नाक!

वाचनालयात शोधून शोधून एका विज्ञानाच्या पुस्तकात सापडलं. भांड्यात पाणी आहे तोवर भांडं एका मर्यादेच्या पलीकडं तापतच नाही, खाली कितीही आच घाला. पाणी तांदळात गेलं की भांडं एकदम तापायला लागतं, आणि ते त्या यंत्राला खालून जाणवतं. त्याच पानावर पुढं लिहिलेलं, उंच डोंगरावर हवा विरळ, तिथं पाणी कमी उष्णतेलाच उकळतं, म्हणून अन्न शिजत नाही.

सुभेदार, हे तर तुम्ही सांगितलं होतं! बर्फातल्या चौकीवर पाणी खळखळा उकळायचं आणि तांदूळ कच्चाच राहायचा, असं तुम्ही म्हणालात तेव्हा मला वाटलं, पलटणीतल्या गप्पा. उकळत्या पाण्यात तांदूळ कच्चा राहील कसा? ते पान वाचून माझ्या अंगावर काटा आला. कुठला तो बर्फ, कुठलं हे माझं ओट्यावरचं भांडं, आणि पाण्याचा कायदा दोन्हीकडं एकच. तुमचा कान आणि हे यंत्र एकाच क्षणाची वाट बघायचे. आपण रोज भात खातो आणि केवढं मोठं काहीतरी त्या पातेल्यात चाललेलं असतं, हे मला या वयात कळलं.

आता खरं सांगते, हा कुकर घ्यावा का? भरलं घर असेल, लक्ष द्यायला माणूस असेल, तर कशाला? पातेलं आणि गॅस पुष्कळ झाला. याच्या भाताला चुलीची चव नाही, आणि तळाला खरपुडीही धरत नाही. तुम्ही ती उलथन्यानं खरवडून खायचा, तसली यात जन्मात मिळायची नाही. पण ज्याला आठवण करून द्यायला घरात कुणी नाही, त्यानं पोटाला चिमटा काढून का होईना, घ्यावा.

एक खोट मात्र मला फार उशिरा उमगली. खालच्या सगळ्यात पहिल्या रेघेइतका भात लावला तरी तो मला जास्त होतो. त्याहून कमी लावला तर नीट शिजतच नाही. म्हणून रोज दुपारी मी कमलताईंना हाक मारते. त्याही एकट्याच. त्या आमटी आणतात, कुकरला नावं ठेवत ठेवत दोनदा भात घेतात. तुम्ही गेल्यापासून मी उभ्या उभ्याच काहीतरी खात होते. आता पाट मांडून बसते.

महिना भरला, विकास आला. आमच्या दोघींच्या पंगतीत जेवला. हात धुता धुता म्हणाला, "आई, राहशील एकटी?"

मी म्हटलं, "एकटीचं ह्यात शिजतच न्हाई, बाबा."

त्यानं पुन्हा पुण्याचं नाव काढलं नाही.

पण तुम्हाला मी एक शब्द देते. ज्या दिवशी भांड्यावरची ती पाण्याची रेघ मला दिसेनाशी होईल, किंवा हात थरथरून पाणी तिच्या पार जाईल, त्या दिवशी मी कमलताईंना फोन करायला लावणार नाही. विकासला मीच करीन. लपवणार नाही, रडून मागं राहणार नाही, घराला माझ्या हातानं कुलूप लावीन. तोवर रोज दुपारी इथं भात होईल, आणि मी बसून, गरम जेवीन.

तुमची
हौसा