दारावरची बरोबरची खूण

५ फेब्रुवारी

शंभरातले शंभर! सूनबाई सकाळपासून हाच आकडा घेऊन घरात फिरतेय. आमच्या गल्लीतली पाच वर्षांखालची सगळी मुलं, वयाप्रमाणे सगळ्या लशी, एकही पोर राहिलेलं नाही. मोठ्या डॉक्टरांनी केंद्रात सगळ्यांपुढे वाचून दाखवलं. सूनबाई तिथे नर्स. सहा वर्षं कंत्राटावर आहे. "आता तुझा कायमचा कागद मीच पुढे पाठवतो," असं म्हणाले म्हणे. पंधरा दिवसांत येतील घरी, चहाला.

मी हसले, पाठीवरून हात फिरवला. पण एक गोष्ट पोटात ठेवून.

ती गोष्ट सुनेला सांगता येत नाही, म्हणून हे लिहिणं. लिहितोय खालच्या दुकानातला शिंपी. मला अक्षर येत नाही. अक्षरं मला दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी दिसतात, कुणाचे ते कळत नाही. त्याला सांगून ठेवलंय, मी बोलेन ते जसंच्या तसं. कापड कमी भरतोस तसं बोलणं कमी भरायचं नाही. "मावशी, हे पण लिहू?" हे पण लिही.

गोष्ट अशी. मागच्या खोलीत नळदुरुस्तीवाला राहतो, त्याची बायको आणि दहा महिन्यांचं बाळ. महिन्यापूर्वी ती माझ्याकडे आली. म्हणाली, "आजी, सिस्टरना सांगा ना, आमच्या बाळाला माहेरी टोचलंय. कार्ड तुम्ही बघितलंय म्हणा." मी विचारलं, खरंच टोचलंय का? तिने मान खाली घातली. नवरा सुईचं नाव काढू देत नाही, तेवढं गल्लीला माहीत आहे. मला दया आली. मी सुनेला सांगितलं, कार्ड बघितलं. ती म्हणाली, "तुम्हाला काय कळतं हो आई कार्डातलं?" पण लिहून टाकलं. माझ्या शब्दावर.

शंभरातला एक माझा आहे. खोटा.

६ फेब्रुवारी

मागच्या खोलीतून बाळ खोकतंय का, ऐकत बसले. नाही खोकत. ते खोकलं नाही म्हणून मलाच खोकला आला.

९ फेब्रुवारी

भट्टीवाल्याच्या धाकट्याला गोवर.

आठ महिन्यांचं पोर. नऊ महिने झाल्यावर टोचतात, म्हणजे त्याची अजून पाळीच नव्हती, सुनेची काही चूक नाही. ताप, डोळे लाल, नाक वाहतंय, आणि काल अंगभर पुरळ. केंद्रातून दोघं आले, रक्त घेतलं, बाटलीवर नाव चिकटवलं. मग प्रश्न. पुरळ कधी दिसलं? ताप कधीपासून? घरी कोण कोण आलं? भट्टीवाली वैतागली. "पावाचं दुकान आहे, बाई. अख्खी गल्ली आली."

अख्ख्या गल्लीत मी आणि ठकी पण आलो. ठकी म्हणजे माझी नात, सूनबाईची मुलगी, चौदा महिन्यांची. रोज संध्याकाळी तिला घेऊन बिस्किट आणायला जाते. परवा तिने त्या बाळाच्या गालाचा मुका घेतला, सगळे हसलो.

सूनबाईला सांगितलं. ती म्हणाली, "तिची काळजी नको. माझीच मुलगी आहे." आणि कामाला लागली.

१० फेब्रुवारी

घरात युद्धाची तयारी चालावी तसं चाललंय. भिंतीवरच्या कॅलेंडरवर सूनबाई पेन्सिलीने मागे मागे मोजतेय. पुरळ आलं तो दिवस, त्याच्या चार दिवस आधीपासून ते पोर दुसऱ्याला देत होतं. त्याला मिळालं असेल दहा-बारा दिवस आधी. म्हणजे कुणाकडून?

"आई, गोवर फार हुशार. शंभर मुलांत एक राहिलं असेल ना, तर नेमका त्याच्याच दारात जातो."

माझ्या हातातलं भांडं पडलं. "म्हातारपण," मी म्हणाले.

मग पेन्सिल हरवली. दहा मिनिटं घर डोक्यावर. पेन्सिल तिच्याच अंबाड्यात. काखेत कळसा, गावाला वळसा. हसून हसून पुरेवाट. बरं वाटलं तेवढंच.

उद्यापासून ती घरोघर जाऊन कार्डं बघणार. तोंडी काही ऐकणार नाही. "बघितलं म्हणाले, टोचलं म्हणाले, असलं काही चालणार नाही आता." माझ्याकडे बघून नाही म्हणाली. तरी मला ते माझ्याकडे बघूनच वाटलं.

११ फेब्रुवारी

वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी मी वाचायला शिकले! शिंपी हसतोय. हस. पण लिही.

झालं असं. घरं बरीच, सूनबाई एकटी. मीच म्हटलं, मी येते मदतीला, बायका मला पटकन दार उघडतात. ती म्हणाली, आई, तुम्ही कशा ओळखणार? मी म्हटलं, गोळ्यांची पाकिटं रंगावरून ओळखते, बसची पाटी आकड्याच्या पोटावरून ओळखते, तू दाखव तर. तिने एक कोरं कार्ड आणि एक भरलेलं शेजारी शेजारी ठेवलं. वरून पाचवी आडवी पट्टी. त्यातला पहिला चौकोन. शिक्का असेल तर गोवरची लस दिली. नसेल तर नाही. "इतकंच?" "इतकंच, आई."

अक्षर नको, आकडा नको. भरलंय की रिकामं. हे तर मी डब्यांचं आयुष्यभर केलंय.

आज सोळा घरं केली. चौदा भरलेली. दोन जणींना कार्ड सापडेना, एकीच्या कार्डावर लोणच्याचं तेल सांडलेलं, पण तेलाखालून शिक्का दिसत होता. सून बघत राहिली. "आई, तुम्ही माझ्यापेक्षा भरभर बघता." मी म्हटलं, तू वाचतेस, म्हणून तुला वेळ लागतो.

मागच्या खोलीकडे ती वळली तशी मी पुढे झाले. "तिथलं मी बघून झालंय." पुन्हा खोटं. एकावर एक रचत चाललेय.

१२ फेब्रुवारी

सांगायचं ठरवलं होतं. ती जेवायला बसली तेव्हा तोंड उघडलं. ती म्हणाली, "काय आई?" मी म्हटलं, मीठ कमी आहे का? मीठ बरोबर होतं.

१३ फेब्रुवारी

गल्लीच्या टोकाला आणखी एक. सात वर्षांची मुलगी, भट्टीवाल्याची पुतणी. पाहुणी, बाहेरून आलेली; पुरळ पंधरा दिवसांपूर्वीच येऊन गेलेलं. सूनबाई म्हणाली, बहुतेक हिनेच आणलं. मग रात्रभर केंद्रात कागद.

रक्ताचा अहवाल आला. गोवरच.

मी मागच्या खोलीत गेलेच नाही आज. भीती वाटली. दार बघून परत फिरले. दारावर तपासणीवाल्यांनी मागच्या महिन्यात खडूने केलेली खूण अजून आहे. घरातली सगळी मुलं झाली तर बरोबर, एखादं राहिलं तर फुली. प्रत्येक दारावर बरोबर. आमच्या दारावर तर सगळ्यात मोठं. "सिस्टरचं घर ना?" म्हणाले, आत न येता खूण केली, चहा घेतला आणि पुढे गेले. तेव्हा मला किती अभिमान.

१४ फेब्रुवारी

गेले. दार लोटलं, बसले, म्हटलं, बाई, तुझ्या पायी मी खोटं बोलले, आता तुझं पोर आजारी पडलं तर तुझ्या घराबरोबर माझंही बुडेल. चल आत्ता माझ्या सुनेकडे, टोचून घे. नवऱ्याचं मी बघते. माझा नवरा कोणाला भीत नव्हता, मला भ्यायचा.

ती रडायला लागली. मग हसायला लागली. मग उठून पिठाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतलं कार्ड काढलं.

पाचवी पट्टी. पहिला चौकोन. शिक्का! दुसऱ्या केंद्राचा, जरा फिका, पण शिक्का.

म्हणजे टोचलेलं होतंच! नवऱ्याच्या नकळत, माहेरी नेऊन. "मग मला का नाही सांगितलंस?" "आजी, तुमच्या पोटात राहिलं नसतं, आणि ह्यांना कळलं असतं."

ऐका! माझ्या पोटात राहत नाही. (शिंपी मान हलवतोय. सगळं त्यालाच तर सांगितलंय.)

मी खोटं बोलले ते खरं निघालं. इतका हलका जीव गेल्या महिन्यात झाला नव्हता. येताना ठकीसाठी दोन बिस्किटं जास्त घेतली. भट्टीवर नाही, दुसरीकडे.

१५ फेब्रुवारी

सगळी कार्डं बघून झाली. सूनबाईने यादीवर शेवटची टिक केली. शंभर ते शंभरच. डॉक्टर शुक्रवारी येणार, कागद घेऊन. माझा लेक गाडीवर असतो, आठवड्यातून एक दिवस घरी. त्यालाही फोन झाला. "पेढे आण," असं सून म्हणाली नाही, मीच म्हणाले.

ठकी किरकिर करतेय. दाढ येत असेल.

१७ फेब्रुवारी

ठकीला ताप. नाक वाहतंय. दाढच. मी सुनेला म्हटलं, दाढ. ती म्हणाली, "हो, वाटतंय." तिने पटकन कपाळाला हात लावला आणि पटकन काढला. दमलीय पोरगी.

डोळे जरा लाल आहेत ठकीचे. रडते म्हणून.

१८ फेब्रुवारी

आज शिंप्याला दुपारीच बोलावलं. दुकान बंद करून आला. हळू बोलते, तू पण हळू लिही.

ठकीचे कागद माझ्या ट्रंकेत असतात, साडीच्या घडीत. सूनबाई म्हणते, आई, तुमच्याकडे हरवत नाही. डॉक्टर येणार म्हणून मी सकाळी ते कार्ड काढलं. त्यांना दाखवायचं होतं, बघा, मला आता येतं. मिरवायचं होतं, दुसरं काय.

पाचवी पट्टी. पहिला चौकोन.

रिकामा.

मी कार्ड उलटं केलं. सुलटं केलं. खिडकीत नेलं. वरून मोजलं, खालून मोजलं. आधीच्या सगळ्या चौकोनांत शिक्के. हा रिकामा.

मग आठवलं. पाच महिन्यांपूर्वीचा तो लशीचा दिवस. केंद्रात शंभर बायकांची गर्दी असते, म्हणून सूनबाई सकाळीच रजिस्टरमध्ये नावं लिहून ठेवते. आपली तर येणारच, म्हणून ठकीचं नाव पहिलं, पुढे बरोबरची खूण सुद्धा करून टाकलेली. मी अकराला तिला घेऊन जायचं होतं. ठकीचं दात येण्याचं रडणं चाललं होतं, दहाला कुठे डोळा लागला. मी म्हटलं, कशाला उठवा? आई नर्स आहे, संध्याकाळी घरी टोचेल. ती घरी आली, मी काही विचारलं नाही. तिला वाटलं, गर्दीत दुसऱ्या सिस्टरने दिली. तिनेही विचारलं नाही. मला वाटलं तिचं काम, तिला वाटलं माझं काम. आणि आमच्या दारात तर कोण बघायला येणार?

गल्लीतली सगळी कार्डं आम्ही दोघींनी बघितली. एक सोडून.

तिला मी काय सांगितलं होतं गेल्या आठवड्यात? भट्टीवर ठकीने मुका घेतला. तिने काय सांगितलं होतं मला? लागण झाल्यावर तीन दिवसांत टोचलं तर बहुतेक वाचतं. तीन दिवस कधीच गेले. आणि ही दाढ नाही. भट्टीवालीने सांगितलं होतं तेच सगळं. ताप, नाक, डोळे.

सुनेला सांगितलं तर तिचा कागद गेला. सहा वर्षं गेली. नाही सांगितलं तर डॉक्टर शुक्रवारी येऊन चहा पितील, आणि ठकी आत खोकत असेल, आणि खिडकीखालच्या रस्त्याने आणखी कुणाचं आठ महिन्यांचं पोर जाईल.

शिंपी विचारतोय, मावशी, लिहू का हे सगळं? लिही. मग घरी जा आणि तुझ्या मुलीच्या तान्ह्याला चार दिवस इकडे आणू नको. का ते सांगू नको. नाही, सांग.

१९ फेब्रुवारी

आज शिंपी नाही, त्याला मीच दारातून परत पाठवलं. हे सूनबाई लिहितेय. काल संध्याकाळी कार्ड तिच्यापुढे ठेवलं. रिकाम्या चौकोनावर तिने बोट ठेवलं. मग डॉक्टरांना फोन केला आणि म्हणाली, नव्याण्णव, साहेब, आणि शंभरावं माझ्या घरात आहे. पहाटे ठकीच्या कानामागे पुरळ आलं. केंद्राची माणसं रक्त घ्यायला निघालीत. ही वही तिने पहिल्या पानापासून वाचली, मध्ये एकदा नाक पुसलं, मग पेन उघडून म्हणाली, "सांगा आई."

मी म्हटलं, थांब. आधी दारावरचं ते बरोबर ओल्या फडक्याने पुसून येते. फुली मला काढता येते.