टाकीवरची गोधडी

अक्का, सारी गल्ली तुला अक्का म्हणत असे, म्हणून तुझ्या पोटी जन्मलेला मीही तुला कधी आई म्हटले नाही. काल पालिकेच्या कार्यालयात आपल्या रंगकामाच्या परवान्याचे नूतनीकरण करण्यासाठी गेलो होतो. खिडकीपलीकडच्या मुलीने अर्ज वाचला, माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिले आणि विचारले, "सर, तुमच्या गल्लीत अजून कोणी रेशीम रंगवतं का?" मी होय म्हणालो. तिने शिक्का मारला. त्या होकाराविषयी तुला काही सांगायचे आहे. पण तो परवाना आपल्याकडे कसा राहिला, हे आधी क्रमाने लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. शाळेत आयुष्यभर संस्कृत शिकवलेल्या माणसाची ही खोड आहे, आणि तू तिला हसत असायचीस.

पेठेतल्या आपल्या घराचा पुढचा भाग म्हणजे रंगखाना आणि मागचा भाग म्हणजे स्वयंपाकघर. मधली भिंत धुराने इतकी काळी झाली होती, की तिचा मूळ रंग कोणता हे सांगणारे कोणी उरले नव्हते. माझे वडील, अण्णा, गेल्यावर लोकांना वाटले, की आता हंडे मोडीत जातील. तू मात्र तेरावा उरकल्यावर पदर खोचून भट्टीसमोर बसलीस. मी डोळे मिटले की अजूनही तीच पहाट दिसते. सुरूची लाकडे पेटली आहेत, तांब्याच्या हंड्यांतून वाफ उठते आहे, काठ्यांवर टांगलेल्या रेशमाच्या लडी दोघे कामगार पाण्यात फिरवत आहेत. उजाडते. तू लडीतून एक धागा ओढून घेतेस, तो पंख्याने वारा घालून वाळवतेस आणि पूर्वेच्या दारात उभी राहून मूळ नमुन्याशेजारी धरतेस. त्या वेळी तुझ्याशी कोणी बोलायचे नाही, हा घरातला नियम होता. मान डोलली की लडी बाहेर. नाही डोलली, तर हंड्यात आणखी चिमूटभर रंग. मग त्याच निळ्याजांभळ्या बोटांनी तू मला भाकरी वाढतेस आणि तोंड फिरवून खोकतेस. तो खोकला घरातल्या भांड्यांच्या आवाजाइतका नेहमीचा होता. तो काळजीचा विषय आहे, हे मला फार उशिरा सुचले.

नव्वदच्या दशकात कानडी मुलखातल्या आपल्या या गावाचे रूप पालटत होते. पालिकेच्या समितीपुढे तेव्हा एकदमच दोन विषय आले. वस्तीतल्या छोट्या धंद्यांना परवाने कोणत्या अटींवर द्यावेत, हा पहिला. आणि लाकूड जाळणे कमी करून उन्हाची ऊर्जा कशी वापरात आणावी, हा दुसरा. झाडे तुटतात, हवा बिघडते, आणि हा सगळा धूर साठत गेला तर पृथ्वीच तापेल, असे तेव्हा वर्तमानपत्रांतून नव्याने वाचायला मिळत असे. दोन्ही विषयांची गाठ घालून असा प्रस्ताव तयार झाला, की लाकडावर चालणाऱ्या रंगखान्यांना पेठेत परवाना मिळू नये. ज्यांना धंदा करायचा असेल त्यांनी गावाच्या दूरच्या टोकाला असलेल्या पीण्या औद्योगिक क्षेत्रात जावे. गल्लीतले सगळे रंगारी आपल्या ओसरीवर जमले. शेजारचा रंगखाना चालवणारे मामा म्हणाले, की त्यांचे मुलगे तरुण आहेत, ते जातील पीण्याला. पण अक्काने कुठे जायचे? तुझी साठी उलटली होती. दोन बस बदलून परक्या छपराखाली हंडे लावणे तुला शक्य नव्हते. परवाना गेला असता तर तुझा रंगखाना संपला असता, आणि रंगखान्याविना तू घरात नुसती बसून राहिलेली मला कल्पनेतही दिसत नव्हती.

मी कानडीत एक हरकतपत्र लिहिले. शिक्षकाने लिहावे तसेच ते होते. एकेक मुद्दा मांडलेला, एकेक वाक्य तोललेले. तुला त्याचा अर्थ वाचून दाखवला, तेव्हा तू शेंगा सोलत होतीस. सगळे ऐकून घेतलेस आणि म्हणालीस, "छान लिहिलंयस. पण धूर होत नाही असं का लिहिलंस? धूर तर होतो की."

सुनावणीच्या दिवशी तू ते पत्र माझ्या खिशातच राहू दिलेस. समितीच्या अध्यक्ष म्हणजे इंदिरानगराकडच्या एक नगरसेविका होत्या, पेहरावाने साध्या, बोलण्यात तुटक. बाजारापुरती कानडी तुला येत होती, पण सभेत बोलण्याचा तुला संकोच वाटला, म्हणून तू मराठीत बोललीस आणि मी भाषांतर करीत गेलो. तू म्हणालीस, "धूर होतो. तो माझ्या छातीत आहे, समोरच्या घरातल्या बाळाच्याही असेल. पण हंडे पीण्याला गेले तर मी जाऊ शकणार नाही. मला थोडे महिने द्या. माझा एक हंडा उन्हाच्या पाण्यावर चालवून दाखवते. नाही जमलं, तर परवाना मीच आणून तुमच्या टेबलावर ठेवीन."  शेवटचे वाक्य मी कानडीत आणताना, तसे झाल्यास आम्ही पुनर्विचार करू, असे मवाळ करून सांगितले. तू माझी बाही ओढलीस. "असं नाही म्हटलं मी. माझं बोलणं स्वल्प वाकडं असू दे, पण माझंच सांग." त्यातला कानडी 'स्वल्प' सर्वांना कळला आणि सभागृहात हशा पिकला. मी तुझे वाक्य जसेच्या तसे सांगितले. अध्यक्षांनी मुदत दिली आणि तोवर साऱ्या गल्लीचा निर्णय थांबवून ठेवला.

घरी येताना गल्ली तुझ्याशी बोलत नव्हती. मामांनी तेवढे विचारले, "काय अक्का, आता सूर्याला मजुरीवर ठेवणार?" तू कानडीत होकार देत म्हणालीस, "सरी. तो तुमच्या मुलांपेक्षा वेळेवर येतो." मामा हसले, पण त्यांचे हसू ओठांपर्यंतच राहिले, कारण तुझा प्रयोग फसला असता, तर त्यांचेही परवाने गेले असते.

गंमत अशी, की ज्या पीण्याला आपण जायला नको म्हणत होतो, तिथल्याच एका छोट्या कारखानदाराने तुझ्या गच्चीवर काळे पत्रे, नळ्या आणि एक उघडी बोडकी टाकी बसवून दिली. रेशीम रंगवायला पाणी उकळीच्या जवळ न्यावे लागते. ऊन ते काम पुरे करू शकत नव्हते. पण तापलेल्या पाण्याने सुरुवात केली, की लाकूड अगदी थोडे लागे. पाणी सर्वांत कढत असे ते दुपारी. म्हणून तू आयुष्यात प्रथमच पहाटेचा हंडा दुपारी लावलास. लग्नाच्या साड्यांसाठी मोरपंखी रेशमाचा घाणा होता. दिवस कलताना तू दारात धागा धरलास, मान डोलली, लडी बाहेर आल्या. दुसऱ्या दिवशी विणकर त्या तशाच परत घेऊन आला. सकाळच्या उजेडात तो रंग मोरपंखी राहिलाच नव्हता, शेवाळलेला हिरवा दिसत होता. संध्याकाळच्या पिवळ्या उजेडाने तुला फसवले होते. तुझ्या हातचा माल परत आलेला मी त्यापूर्वी पाहिला नव्हता.

मला वाटले, आता तू परवाना घेऊन निघशील.  तू त्या लडी मांडीवर घेऊन उलगडल्यास आणि म्हणालीस, "सूर्याचं काही चुकलं नाही. माझी वेळ चुकली. दुपारचं पाणी सकाळपर्यंत राखलं पाहिजे." त्याच दिवशी तू जुनी लुगडी, पोती आणि शिंप्याकडच्या चिंध्या गोळा केल्यास. आपल्या नात्यात अर्धे रंगारी आणि अर्धे शिंपी. सुई तुझ्या हाताला परकी नव्हती. तू टाकीच्या मापाची जाड गोधडी शिवलीस, दोन थरांमध्ये भाताचा कोंडा भरलास, वर मेणकापड ओढलेस आणि गच्चीवर चढून ती टाकीला घट्ट बांधलीस. खालून मामांनी विचारले, "अक्का, तिला टोपरं नाही घातलंत?" दुसऱ्या दिवशी पहाटे टाकीतले पाणी हाताला चांगले ऊन लागले. भट्टीत मूठभर लाकूड घातलेस. उजाडताना मोरपंखी धागा पूर्वेच्या दारात धरलास, आणि या वेळी मान डोलायला फार वेळ लागला. पण डोलली.

समिती आली त्या सकाळी गल्लीत धुके होते आणि पाहुण्यांनी शाली पांघरल्या होत्या. गोधडीत गुंडाळलेली टाकी पाहून अध्यक्ष प्रथमच मोकळ्या हसल्या आणि कानडीत म्हणाल्या, "बाळंतिणीला तरी इतकं गुंडाळतात का?" त्यांनी नळाखाली हात धरला आणि तो तसाच धरून ठेवला, थंडीत त्यांना ते पाणी सोडवेना. एक सदस्य मात्र अडून बसले. धूर थोडा असला तरी धूरच, आणि नियम सर्वांना एकच हवा, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते, हे आज मी मान्य करतो. पुष्कळ चर्चेनंतर समितीने ठरवले, की पहिली ऊब उन्हाची असेल, तर शेवटच्या उकळीपुरते लाकूड चालेल. आणि असे करणाऱ्यांचे परवाने पेठेतच राहतील. पुढच्या उन्हाळ्यात मामांच्या गच्चीवरही टाकी आली. तिची गोधडी तूच शिवून दिलीस, आणि टोपरेही.

त्यानंतरची तुझी वर्षे मला सर्वांत प्रिय आहेत. मधली भिंत आपण चुन्याने रंगवली आणि ती पांढरी राहिली. तुझा खोकला गेला नाही, पण रात्री तुला झोप लागू लागली. मी तुझ्याकडून दुसरी कोणती विद्या उचलली नसेल, पण संध्याकाळी बरोबर वाटलेले काहीही सकाळी पुन्हा पाहिल्यावाचून मी कधी हातावेगळे केले नाही. मुलांच्या उत्तरपत्रिका मी पहाटे पूर्वेच्या दारात बसून तपासत असे. त्यामुळे किती मुलांवरचा अन्याय टळला असेल, कोण जाणे. ते श्रेय तुझे आहे. हे मी तुला तुझ्या हयातीत सांगितले असते, तर तू शेंगा सोलत, बरं बरं, म्हणाली असतीस, आणि मला तेवढे पुरले असते.

आज गल्लीत मोबाइलची दुकाने आहेत. मामा गेले, त्यांचे मुलगे बेळ्ळंदूरकडे राहायला गेले. गच्चीवरची टाकी बदलली. नवी स्वतःच पाणी ऊन राखते, तरी तिच्यावर गोधडी आहे. हे पत्र कुठे धाडायचे नाही, परवान्याच्या चौकटीमागे सरकवून ठेवीन. आता त्या होकाराविषयी. रंगखाना तुझ्याबरोबरच थांबला. पण अर्जात धंदा चालू आहे असे लिहावे लागते, आणि असत्य विधानाखाली सही करणे मला जमत नाही. म्हणून दरवर्षी अर्जापूर्वी मी एका पहाटे धाकटा हंडा लावतो, टाकीतले पाणी घेतो, रेशमाची एक लड मोरपंखी रंगवतो आणि पूर्वेच्या दारात नमुन्याशेजारी धरतो. अक्का, ती आजवर एकदाही बरोबर आलेली नाही. दुसऱ्याची साधी अनुस्वाराची चूकही न सोडणारा मी, ती लड तशीच वाळत घालतो.