वगळलेला धडा

सर, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, आणि तुमच्यासाठी रडलेलं माणूस मला अजून भेटलेलं नाही. मी तर नाहीच रडले. देवगावच्या शाळेत तुम्ही आम्हाला विज्ञान शिकवायचात, म्हणजे खुर्चीत बसून पुस्तकातल्या ओळींखाली रेघा मारायला लावायचात. प्रजननाचा धडा आला तेव्हा तुम्ही पानं उलटलीत आणि म्हणालात, "हा घरी वाचा." घरी कोण वाचून सांगणार होतं? आईला अक्षरओळख नव्हती. मला नुकतीच पाळी आली होती आणि आपल्याला काहीतरी वाईट रोग झालाय, अशी माझी खात्री झाली होती. मी उठून विचारलं, "सर, दुखणं नसताना रक्त कामून जातं?" वर्ग हसला. तुम्ही मला दाराबाहेर उभं केलंत आणि आत पोरांना ऐकवलंत, "लई शहाणी झाली ही." दहावी पास झाल्यावर तुम्ही मला एक पेन दिलंत. सोबत सल्ला होता, "प्रश्न कमी विचारत जा, सासरी नांदायचंय." ते पेन मी घरी पोचायच्या आत एका मैत्रिणीला देऊन टाकलं.

आता मी करमाडच्या पुढं एका शाळेत संगणक शिकवते. तुमच्या पठडीतली माणसं संपली असतील असं वाटलं होतं, पण आमचे मुख्याध्यापक तुमचीच आवृत्ती आहेत, फक्त हातात मोबाइल आलाय. मागं त्यांनी मुलांसाठी 'सुरक्षित इंटरनेट' असा कार्यक्रम घेतला. फ्लेक्स लागला, त्यावर मुलांपेक्षा त्यांचाच फोटो मोठा. "इंटरनेट हे दुधारी शस्त्र आहे," असं ते कुणीतरी पाठवलेल्या मेसेजवरून वाचत होते. मुलं जांभया देत होती. त्या शस्त्राची मूठ कुठं असते, हे त्यांनी सांगितलं नाही, कारण त्यांनाच ठाऊक नव्हतं. मी वर्गात वेगळं शिकवते. आपण शोधताना जे शब्द टाकतो, तशी माणसं आपल्याला भेटायला येतात. सगळ्यात वर आलेलं खरं असतंच असं नाही, तिथं बारीक अक्षरात 'जाहिरात' लिहिलंय का ते बघा. हे कुणी लिहिलंय, त्याला यातून काय मिळतं, दुसऱ्या कुणी तेच सांगितलंय का, ते विचारा. फोटो आणि नंबर कुणाला देऊ नका. आणि काही बिघडलंच तर मला येऊन सांगा, मी रागावणार नाही. हे शेवटचं वाक्य मी दर आठवड्याला म्हणते.

नववीतली एक मुलगी दिवाळीनंतर गळ्याभोवती ओढणी गुंडाळून यायला लागली. एक दिवस मधल्या सुट्टीत ती माझ्याजवळ आली, हातात आईचा मोबाइल. तिच्या मानेवर पांढरा डाग उठला होता. आजी म्हणायची, कोड आहे, आता हिला कोण पत्करणार. मग पोरीनं गुपचूप शोधलं, 'कोड कायमचं घालवायचा हमखास उपाय'. सर, ज्याला खरोखर इलाज येतो तो हमखास म्हणत नाही, पण घाबरलेल्या लेकराला हे कसं कळावं? एक भोंदू वैद्य भेटला. त्यानं डागाचा फोटो मागितला, तिनं पाठवला. मग म्हणाला, अंगावर आणखी कुठं आहेत का, सगळं दाखव, आणि घरी सांगू नको, औषधाचा गुण जातो.

"म्याडम, मी पुढचं काय नाय पाठवलं," ती म्हणाली. "आता तो म्हणतोय, मानेचा फोटो गावात दाखवीन."

"तू बरोबर केलंस. इथं आलीस, हे त्याहून बरोबर केलंस," मी म्हणाले. सगळे मेसेज जपून ठेवले, त्या माणसाला ब्लॉक केलं आणि तिच्या वडिलांना बोलावलं. ते मेंढरं सोडून शेंद्र्याच्या कंपनीत हमालीला लागलेले. त्यांना वाटलं पोरगी मार्कांत घसरली असेल. सगळं ऐकून त्यांनी पोरीच्या डोक्यावर हात ठेवला.

मुख्याध्यापकांना सांगणं भाग होतं. ते काय म्हणाले, तुम्ही ओळखलं असेलच. "असलं काय शोधायची गरज होती पोरीला? कॉम्प्युटर रूमला कुलूप लावा. पोरींच्या हातात नेट दिलं की हेच व्हतं." मुलीसमोर, तिच्या वडिलांसमोर म्हणाले. ती जमिनीकडं बघायला लागली, आणि मला तुमच्या वर्गाबाहेरची फरशी आठवली.

तिचे वडील उठले. आवाज चढवला नाही त्यांनी. "साहेब, कुलूप त्या माणसाला लावा. माझ्या पोरीला कामून?"

मुख्याध्यापक फाइल चाळायला लागले. तुमच्यासारख्यांचं हेच असतं, अडचणीचं आलं की पानं उलटायची.

आम्ही त्याच दुपारी शहरात जाऊन सायबर पोलिसांत तक्रार दिली. तिथल्या बाईंनी मुलीला पाणी दिलं आणि निवांत ऐकून घेतलं. धमक्या बंद झाल्या. माणूस सापडला की नाही, ते अजून कळलेलं नाही. पुढं सरकारी दवाखान्यात त्वचेच्या डॉक्टरांनी डाग पाहिला. हा एकाचा दुसऱ्याला होत नाही, औषधानं कमी होऊ शकतो, वेळ लागेल, म्हणाले. हमखास म्हणाले नाहीत. मुलगी बाहेर येऊन माझ्याकडं बघून हसली. ओढणी मात्र अजून असते, तिची मर्जी.

मुख्याध्यापकांनी खरंच लावलेलं रूमचं कुलूप वडिलांनी आणखी चार पालक आणल्यावर निघालं. नंतर पालकसभेत मुख्याध्यापकांनी 'आमच्या जागरूकतेमुळे' अशी सुरुवात करून भाषण ठोकलं. टाळ्याही मिळाल्या.

हे पत्र पाठवायला तुमचा पत्ता नाही, आणि असता तरी पाठवलं नसतं. तुम्ही त्यात आधी शुद्धलेखनाच्या चुका काढल्या असत्या. एकच गोष्ट सांगते, मला आवडत नसली तरी. इतकं सगळं होऊनही मुख्याध्यापक वर्गात डोकावले, की मी आजही, बोलणं अर्धं टाकून, तुमच्या वर्गातल्यासारखी आपोआप उभी राहते.